डी ड्राइव्हवर काहीच सेव्ह होत नाहीये, लिनक्स मिंट. अर्जंट मदत हवी आहे

जुळारी:
मंडळी, दिवाळी अंकाचं काम चालू आहे, उद्या अकराला पानं प्रेसला द्यायची आहेत आणि डी ड्राइव्हवर काहीच सेव्ह होत नाहीये. फाइल उघडते, दिसते, पण सेव्ह म्हटलं की रीड ओन्ली म्हणतं. परवापर्यंत व्यवस्थित चालत होतं, मी काहीही बदललेलं नाही. पटकन सांगा प्लीज.

टर्मिनलवाला:
ड्राइव्ह आतला की बाहेरचा? फॉरमॅट काय? मशीनवर विंडोजपण आहे का? एरर जसाच्या तसा टाका, "रीड ओन्ली म्हणतं" एवढ्यावर काय सांगणार.

सातारकर७:
मालकीचा प्रॉब्लेम आहे. सुडो सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारी कमांड) मारा सगळ्या ड्राइव्हवर, मी नेहमी तेच करतो.

निवांत:
@सातारकर७ अहो ड्राइव्ह विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटचा असेल तर सीएचमॉडने काय होणार? तिथल्या परवानग्या माउंट करतानाच, म्हणजे ड्राइव्ह सिस्टिमला जोडतानाच, यूआयडी, उमास्क हे पर्याय देऊन ठरतात. आणि ड्राइव्हच रीड ओन्ली माउंट झालाय तर काहीही मारा, लिहिलं जाणारच नाही.

जुळारी:
आतलाच आहे, लॅपटॉपमधली दुसरी हार्डडिस्क. विंडोज ११ आहे ना, श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) आणि पेजमेकर (पानं लावायचं) तिकडेच आहे, ते लिनक्सवर कुठलं. मिंटवर गिंपमध्ये फोटो साफ करते आणि पीडीएफ तपासते. टर्मिनलमधून माउंट करून बघितलं, तर हे आलं, टाइप करून देते: "मेटाडेटा केप्ट इन विंडोज कॅश, रिफ्यूज्ड टू माउंट. फॉलिंग बॅक टू रीड ओन्ली माउंट बिकॉज द एनटीएफएस पार्टिशन इज इन ॲन अनसेफ स्टेट."

मुक्तस्रोत:
ताई, कायमचा उपाय सांगतो. डेटा बाहेर काढा, ड्राइव्ह लिनक्सच्या ईएक्सटी४ ला फॉरमॅट करा, विंडोज उडवा. मी २०१६ पासून विंडोजचं तोंड बघितलेलं नाही.

टर्मिनलवाला:
उद्या अकराला पानं द्यायची आहेत त्या बाईंना आणि तुम्ही फॉरमॅट करायला सांगताय? जुळारी ताई, कृपा करून आज काहीही फॉरमॅट करू नका.
एकच सांगा, मिंटमध्ये येण्याआधी विंडोजमधून रीस्टार्ट केलं होतं की शटडाउन?

जुळारी:
नेहमी रीस्टार्ट करून मिंट निवडते. काल रात्री उशीर झाला म्हणून शटडाउन करून झोपले, सकाळी डायरेक्ट मिंट चालू केलं. त्याने काय फरक पडतो? बंद ते बंदच ना?

टर्मिनलवाला:
तिथेच गोम आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा हायबरनेट होऊन डिस्कवर लिहून ठेवला जातो. डी ड्राइव्हवर कुठली फाइल कुठे आहे याची ताजी नोंदही त्यात अडकलेली असू शकते. लिनक्सने आता तिथे लिहिलं आणि मग विंडोज जुनी नोंद घेऊन उठलं तर फाइलींचा चुथडा होईल, म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर लिहू देत नाही. तो तुमची पानं वाचवतोय. रीस्टार्टमध्ये हे होत नाही, म्हणून इतके दिवस कळलं नाही.

निवांत:
हा मेसेज एनटीएफएस-३जी ह्या ड्रायव्हरचा आहे. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या ५.१५ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, एनटीएफएस३ हा दुसरा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, तो वापरा, वेगवान आहे.

टर्मिनलवाला:
@निवांत वेगाचा प्रश्नच नाहीये इथे. तोही डर्टी, म्हणजे नीट बंद न झालेला, ड्राइव्ह फोर्स हा पर्याय दिल्याशिवाय लिहायला माउंट करत नाही, आणि ती फोर्स मारायची नसते.

मधुरा_आयटी:
ड्राइव्ह वाचता येतोय ना? मग सगळ्यात आधी अंकाचा फोल्डर मिंटच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करा आणि काम पुढे चालू ठेवा. कोणी एनटीएफएसफिक्स चालवा म्हणेल, लगेच चालवू नका, ते विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क नाही. जर्नल (डिस्कवरच्या बदलांची नोंद) पुसून विंडोजला पुढच्या वेळी तपासायला सांगतं फक्त. हायबरनेटची फाइल पुसणारा रिमूव्ह हायबरफाइल हा पर्यायही नको.
कॉपी झाली की विंडोज चालू करा, कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणाचं सेटिंग, तिथे फास्ट स्टार्टअपची टिक काढा. करडी दिसली तर वरच्या "करंटली अनअव्हेलेबल" वाल्या ओळीवर क्लिक करायचं. किंवा ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ. मग शटडाउन. मोठ्या अपडेटनंतर माझ्याकडे ती टिक परत आली होती, तेव्हा अधूनमधून बघत जा.

अक्षरप्रेमी:
श्रीलिपीत का अडकून पडलात? युनिकोडमध्ये करा, पानं लावायच्या स्क्रायबस १.६ मध्ये जोडाक्षरं नीट येतात, १.४ मध्ये पार मोडायची. मी आमच्या सोसायटीची स्मरणिका त्यातच केली.

सातारकर७:
स्मरणिका वेगळी, दोनशे पानांचा अंक वेगळा. प्रेसवाले काय मागतात ते बघावं लागतं.

जुळारी:
झालं!!! आधी फोल्डर कॉपी केला, मग विंडोजमध्ये जाऊन टिक काढली, शटडाउन, मिंट, आणि डी वर सेव्ह झालं. टर्मिनलवाला, मधुरा, किती आभार मानू. सकाळपासून हातपाय गळाले होते, लेखकांच्या दुरुस्त्या घातलेली अठ्ठावीस पानं त्या ड्राइव्हवर होती आणि दुसरी प्रत नव्हती.
एक राहिलं, मिंटमध्ये "पान १२: संपादकीय" नावाने सेव्ह केलेली फाइल विंडोजमध्ये उघडतच नाही, ते पण ह्याच्यामुळेच का?

टर्मिनलवाला:
नाही, ते नावातल्या विसर्गासारख्या दोन टिंबांमुळे, म्हणजे कोलनमुळे. विंडोजला नावात कोलन, प्रश्नचिन्ह चालत नाही, लिनक्सला चालतं. मिंटमध्येच नाव बदला, उघडेल. अंक गेला की एफस्टॅबमध्ये (मिंट चालू होताना कुठले ड्राइव्ह जोडायचे ती यादी) ह्या ड्राइव्हची ओळ घालू, यूयूआयडी म्हणजे ओळखक्रमांक देऊन, त्यात विंडोज नेम्स आणि नोफेल हे दोन पर्याय टाकले की अशी नावं पडणारच नाहीत आणि ड्राइव्ह नसला तरी मिंट चालू होईल. तोवर एलएसबीएलके डॅश एफ ह्या कमांडचं आउटपुट टाकून ठेवा.

अक्षरप्रेमी:
आणि अंक युनिकोडमध्ये करायचा विचार पुढच्या वर्षी तरी कराच. फॉन्ट मी सुचवतो.