संग्रहालयातल्या केरिसला (जावाचा खंजीर) वारांगान (सोमल, म्हणजे आर्सेनिकचा हात) लावणं बंद करावं का?

गंजशोध्या:
इंडोनेशियातल्या जावात सुरो महिना (म्हणजे मोहरम) लागला की राजवाड्यांतल्या, घराघरांतल्या आणि काही संग्रहालयांतल्याही केरिस आंघोळीला निघतात. या विधीला जामासान म्हणतात. घरच्या केरिसबद्दल बोलायचा मला हक्क नाही, पण काचेमागच्या केरिसला दरवर्षी आम्ल कशाला? पात्यात लोखंडाबरोबर निकेलचेही थर असतात, आणि लिंबाचा रस निकेलपेक्षा लोखंड जास्त खातो. जुन्या पात्यांच्या कडा करवतीसारख्या दिसतात ना? त्यांतल्या बऱ्याच लढाईत नाही, मोरीत झिजल्यात.

भाता:
दोन गोष्टींची गल्लत होतेय. दरवर्षी करायचं ते पुसणं आणि तेल. लिंबू आणि वारांगान फक्त गंज धरला किंवा पामोर (पात्यावरची नक्षी) विझला तर.
क्रम असा: पातं नारळाच्या पाण्यात भिजवायचं, गंज सुटला की लिंबू आणि रिठ्याने घासून पांढरं करायचं (हो, रिठाच, तिकडे लेराक म्हणतात), धुऊन खडखडीत वाळवायचं. मग लिंबाच्या रसात उतरवलेलं वारांगान. हे सोमलाचं खनिज, आपल्या मनशिळेच्या गोत्रातलं. लोखंड काळं पडतं, निकेलचा थर चांदीसारखा राहतो आणि ‘बेरास वुताह’ (म्हणजे सांडलेले तांदूळ) या पामोरमधले तांदूळ खरंच सांडल्यासारखे दिसतात. हे केलं नाही तर जावातल्या सोलो शहराच्या केरिस संग्रहालयात (२०१७ साली उघडलं) जाऊन बघणार काय, करडी पट्टी?

गंजशोध्या:
क्रम बरोबर, पण पाणी अडतं कुठे ते राहिलं. पात्याच्या बुडाशी बसवलेला ‘गांजा’ (नशेचा नव्हे, बुडाचा आडवा भाग) हा बहुधा वेगळा तुकडा असतो. त्या केसाएवढ्या फटीतलं आम्ल फडक्याने निघत नाही. पेसी, म्हणजे मुठीत जाणारी शेपटी, तिचीही तीच गत. वरून मूठ चढवली की आत गंज सुखाने नांदतो.
शिवाय झीज म्हणजे पुरावा जाणं. नेदरलंड्सने २०२० मध्ये जावाचा राजपुत्र दिपोनेगोरो याची केरिस इंडोनेशियाला परत केली, तेव्हा पात्यावरचा नाग ‘नोगो सिलुमान’ या नावाशी जुळतो का, यावर जाणकारांत जुंपली. असे वाद कोरीव तपशिलावरच लढले जातात. तोच धुऊन टाकायचा?

म्यानवाली:
सगळे पात्यावरच तुटून पडलाय. लोखंडाला आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली हवी, लाकडी म्यान तेवढ्यात तडकतं, त्याला ५० च्या आसपास लागते. म्हणून पातं आणि म्यान वेगळं ठेवा, शेजारी शेजारी मांडा. जुन्या म्यानात सुगंधी तेल मुरून चिकट झालेलं असतं, त्यात पातं परत घालणं म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळणं.
आणि हाताळणाऱ्यांनी मुठीवर भरवसा ठेवू नये. ती पेसीवर नुसती कापड गुंडाळून घट्ट बसवलेली असते. सैल मूठ धरून म्यान ओढलं की पातं पायावर. नायट्रिलचे हातमोजे घालाच, सोमल अंगाला लावून घरी न्यायची वस्तू नव्हे.

भाता:
म्यान वेगळं काढलं की केरिस उरत नाही, लोखंडाचा नमुना उरतो. वस्तू अखंड ठेवा, हवा सांभाळा. जावातल्या सुकुह मंदिराच्या शिल्पात भीम पातं घडवतोय, अर्जुन भाता मारतोय, मधे गणपती. देवांना कामाला लावून बनवलेली वस्तू सुटे भाग करून मांडणार?

म्यानवाली:
भीमाच्या भट्टीत वातानुकूलन नव्हतं. दमट जावात एकाच पेटीत दोन्ही सांभाळून दाखवा, मग बोलू.

गंजशोध्या:
पामोर दिसायला सोमलच हवा असंही नाही. दिवा समोरून न मारता बाजूने, पात्याला जवळपास समांतर लावा. पामोरच्या उंच रेघांची सावली पडते, नक्षी उठते. प्रेक्षकांनीही मान तिरकी करून बघावं. लुक (वळणं) मोजायलाही हाच उजेड बरा. बुडापासून टोकापर्यंत आळीपाळीने दोन्ही कडांवर मोजायचं. सम संख्या आली तर मोजणी चुकली, पुन्हा सुरू करा.

भाता:
त्या रेघा उंच कशामुळे झाल्या? भोवतालचं लोखंड पिढ्यान् पिढ्या लिंबाने खाल्लं म्हणूनच ना?