'आत्महत्येचा धोका' की 'आत्महत्येची जोखीम'?

मृण्मयी_कोथरूड:
एका दवाखान्यासाठी झोपेच्या विकारांवरचं माहितीपत्रक मराठीत करतेय. मूळ मुद्दा असा, की खूप दिवस झोप न लागणं आणि वारंवार भयानक स्वप्नं पडणं यांचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध दिसतो, आणि नैराश्य हिशेबात घेतलं तरी तो पुरता पुसला जात नाही. मी लिहिलं, 'निद्रानाशामुळे आत्महत्येचा धोका वाढतो.' तपासणाऱ्या बाईंनी 'धोका' खोडून 'जोखीम' केलं. पण जोखीम आपण पत्करतो ना? झोप न येणं कोण पत्करतं?

नारायणपेठ:
बाई बरोबर आहेत. धोका समोर उभा असतो, जोखीम कमीजास्त असते. 'जोखणे'वरूनच आला असणार हा शब्द.

भोरकर:
कानाला जुळलं म्हणजे व्युत्पत्ती होत नाही. आमच्याकडे अंगावर दागिने असले की 'जोखीम आहे जवळ' म्हणतात. त्यात सांभाळणं आहे, जोखणं नाही.

रात्रपाळी:
वॉर्डात काम करते म्हणून सांगते, आधी ते 'मुळे' काढा. संबंध म्हणजे कारण नव्हे. झोप न येणाऱ्या बहुतेकांच्या मनात असे विचार येतही नाहीत, आणि तुमचं पत्रक कुणीतरी रात्री तीनला एकटं वाचणार आहे. 'निद्रानाश' तर पेशंट म्हणतच नाहीत. 'दोनला टक्क जाग येते, मग उजाडेपर्यंत नुसती कूस बदलायची,' असं सांगतात. तेच छापा. लगेच खाली लिहा, की यावर उपचार आहेत, सीबीटी-आय ही बोलण्या-सवयींची पद्धत आधी, गोळ्या नंतर. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर ठळक द्या. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

नारायणपेठ:
'टक्क जाग' छापील मजकुरात? प्रमाणभाषा कशासाठी आहे मग?

भोरकर:
वाचणाऱ्याला कळावं यासाठी. 'दुःस्वप्न' तरी कोण बोलतं? आजी म्हणायची, 'छातीवर मुंजा बसला.'

रात्रपाळी:
ते वेगळं. त्यात जाग आलेली असते, पण अंग हलत नाही. भयानक स्वप्नांसाठी 'दचकून उठता का?' विचारलं की माणसं बोलतात. जीव द्यायचे विचार येतात का, हेही सरळ विचारावं. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत.

मृण्मयी_कोथरूड:
मग प्रश्नावलीत 'जीव द्यायचे' लिहू की 'आत्महत्येचे'?

नारायणपेठ:
आत्महत्या. मित्रासाठीही जीव देतात लोक.

भोरकर:
'हत्या' ऐकलं की गुन्हा आठवतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायला सांगितलं, शब्द मात्र तोच राहिला.

रात्रपाळी:
माणसं स्वतः 'जीव नकोसा झालाय' म्हणतात.

नारायणपेठ:
उकाड्यानेही जीव नकोसा होतो. एवढ्या सैल शब्दावर प्रश्नावली उभी राहणार नाही.

रात्रपाळी:
उकाड्याने झालाय की कशाने, हे पुढच्या प्रश्नात विचारता येतं की. पहिल्या प्रश्नाला माणूस गप्प बसला तर पुढचं कसं विचारणार?