ऑनलाइन शाळेचे दिवस: तुमच्या घरात, तुमच्या वर्गात काय काय झालं?

निवांत
परवा शाळेतून मेसेज आला, "खराब हवामानामुळे उद्याचे वर्ग ऑनलाइन." लेक आता नववीत. वर युनिफॉर्मचा शर्ट, खाली नाइट पँट, अशा अवतारात तिने लॅपटॉप असा लावला की मागे फक्त भिंत दिसेल आणि खोलीतला पसारा दिसणार नाही. माइक बंद केला, पाय वर घेतले आणि बसली. एका शब्दाने काही विचारलं नाही. चौथीत असताना याच गोष्टीवरून आमच्याकडे रोज सकाळी रणधुमाळी असायची.

म्हणून हा धागा. कोरोनाच्या काळातलं आजारपण, गेलेली माणसं यांच्याबद्दल आपण बोलतो, पण शाळेबद्दल फारसं कुणी बोलत नाही. युनेस्कोच्या आकडेवारीप्रमाणे एप्रिल २०२० च्या सुमारास जगभरात १६० कोटींच्या आसपास मुलं घरी बसली होती. प्रत्येकाची काहीतरी गोष्ट असणारच. पालक, शिक्षक, तेव्हाचे विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा. शुद्धलेखन माफ.

तिरपागडा
"प्रेझेंट मॅडम." "मॅडम माझी झाली का?" "मॅडम ऐकू येत नाहीये." "मॅडम नेट गेलं होतं, परत घ्या ना." हजेरी संपली की तास संपायचा. झाला माझा अनुभव लिहून.

ओसरी
@तिरपागडा 😂😂 आणि फुकटच्या मीटिंगची ४० मिनिटं! आमच्या इतिहासाच्या सरांचं वाक्य नेहमी मध्येच तुटायचं. "आणि मग सैन्याने किल्ल्याला वेढा..." की स्क्रीन काळी. दुसऱ्या दिवशी सर पुढच्या धड्यावर. त्या वेढ्याचं काय झालं देव जाणे.

खडूफळा
मी शिक्षिका. सातवी-आठवीला गणित शिकवते. पोळ्या लाटता लाटता बोलून टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

वर्गात शिकवताना कळलंय का ते मुलांच्या तोंडावर दिसतं. कपाळाला आठी पडली की मी थांबते, दुसऱ्या तऱ्हेने सांगते. ऑनलाइनमध्ये समोर फक्त गोल आणि त्यात आद्याक्षरं. विनोद केला तरी सन्नाटा. "कळलं का?" विचारलं की चॅटमध्ये ओळीने "येस मॅडम" आणि त्यातले निम्मे तेव्हा खोलीत तरी होते का, शंकाच आहे.

एक मुलगा कधीच यायचा नाही. शाळेच्या तक्त्यात त्याच्यापुढे "गैरहजर, रस नाही" असा शेरा. रात्री फोन केला तर वडिलांनी उचलला. घरात तेवढा एकच फोन, तो दिवसभर त्यांच्याबरोबर कामावर. मुलगा रात्री दहानंतर, तेही रेकॉर्डिंग कुणी पाठवलं तर, बघायचा. आणि व्हिडिओ उतरवायला डेटा पुरायचा नाही. म्हणजे रस कुणाला नव्हता ते तुम्हीच ठरवा.

मग मी व्हिडिओ बंद केले. तीन-चार मिनिटांच्या आवाजी नोट, वहीच्या पानाचा एक फोटो आणि आठवड्यातून एकदा प्रत्येकाला साधा फोन. फोनवर एकच गणित सोडवायचं, पण त्याने बोलत बोलत. पुढे वाचनात आलं की आफ्रिकेतल्या बोट्स्वानामध्ये याच काळात असाच रीतसर प्रयोग झाला होता. काही मुलांना नुसते एसएमएस, काहींना एसएमएस आणि आठवड्याला वीसेक मिनिटांचा फोन. नुसत्या एसएमएसने म्हणावा तसा फरक पडला नाही, फोनवाल्यांचं गणित सुधारलं. शिक्षणाच्या ॲपवाले शाळेत येऊन सादरीकरण करतात तेव्हा मला हे हमखास आठवतं. पोळी करपली. येते परत.

मधला
खडूफळा मॅडम, तो मुलगा आमच्याच घरातला वाटला.

आम्ही तिघं भावंडं, आईचा एक फोन. ताई दहावीला, म्हणून पहिला हक्क तिचा. धाकटा पहिलीत, त्याला आई मांडीवर घेऊन बसवायची, म्हणून दुसरा त्याचा. मी सातवीत. उरलं तर माझं. त्यातही तास चालू असताना मामाचा फोन येणार, आणि मामाचा फोन कापायची कुणाची हिंमत नाही. शाळा सुरू झाल्यावर सरांनी "हे तर मागच्या वर्षी झालंय" म्हणत जे जे सोडून दिलं ते मला आजपर्यंत आलेलं नाही. आता कॉलेजात आहे, कॉमर्स घेतलं. का घेतलं, विचारू नका.

सांजवारा
आमच्याकडे उलटं झालं, लिहू का नको असं वाटत होतं.

माझ्या मुलाला कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र आहे, पण तो निम्मं ओठांवरून ओळखतो. वर्गात शिक्षक फळ्याकडे वळले की त्याचं वाक्य गेलं. ऑनलाइनमध्ये बाईंचा चेहरा सतत समोर, जवळ, उजेडात. मुलांनी एकेकाने बोलायचं हा नियम त्याच्यासाठी वरदानच ठरला. त्या वर्षी त्याने पहिल्यांदा स्वतःहून हात वर केला, म्हणजे ते पिवळ्या हाताचं बटण दाबलं. मग शाळा उघडली आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क. घरी येऊन रडायचा. त्याच्या एका शिक्षिकेने स्वतःच्या पैशांनी पारदर्शक खिडकी असलेला मास्क मागवला होता. श्वासाने धुकं साचायचं, त्या पुसत पुसत शिकवायच्या.

तेव्हा "ऑनलाइन म्हणजे नुकसानच" असं कुणी म्हणालं की मी गप्प बसते, पण पटत नाही.

निवांत
@सांजवारा ताई, बरं झालं लिहिलंत. हे डोक्यातच आलं नव्हतं.

वीतभर
अकरावी-बारावी पूर्ण स्क्रीनवर. पहिल्यांदा वर्गात गेलो तेव्हा सगळे आवाजावरून ओळखू आले, चेहऱ्यावरून कुणीच नाही. ज्याच्याशी वर्षभर रोज रात्री गेम खेळलो तो माझ्यापेक्षा फूटभर उंच निघाला. तो म्हणाला, "अरे, तू एवढासा?" 😐 आयडी तेव्हापासूनच हा.

पोथीवाला
काहींना हे सगळं नवीन वाटतं म्हणून सांगतो. १९३७ साली शिकागोत पोलिओच्या साथीमुळे शाळा उघडल्याच नाहीत, तर तिथे रेडिओवरून धडे दिले होते. वेळापत्रक आणि प्रश्न वर्तमानपत्रात छापून यायचे, पालकांच्या शंकांसाठी फोनवर शिक्षक बसवले होते. आणि तक्रारी काय? घरात रेडिओ नाही, आवाज खरखरतो, शिकवणारे फार भरभर बोलतात. म्हणजे तेच! २०१४-१५ मध्ये इबोलाच्या साथीच्या वेळी पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओननेही रेडिओचाच आधार घेतला. आपल्याकडे २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या दांडवळ गावात लाउडस्पीकरवरून धडे ऐकवले, मुलं आपापल्या अंतरावर बसून ऐकायची. उलट युगांडात शाळा मार्च २०२० ला बंद झाल्या त्या जानेवारी २०२२ लाच पुरत्या उघडल्या...

तिरपागडा
काका, अनुभव लिहायचाय. पेपर नाही.

पोथीवाला
माझा अनुभव हाच की नातवाच्या तासाला मी शेजारी बसायचो आणि इतिहासाची उत्तरं मीच द्यायचो. बाईंनी एकदा आवाज ओळखला. "आजोबा, तुम्ही म्यूट व्हा."

ओसरी
😂😂😂 धागा वसूल.

कापूसकोंडी
चष्म्याचं कुणी बोललंच नाही. धाकटीचा नंबर त्याच वर्षी लागला आणि वाढतच गेला. डॉक्टर म्हणाले की सगळीकडून हेच येतंय. चीनमधल्या एका मोठ्या पाहणीत सहा वर्षांच्या मुलांमध्ये लांबचं धूसर दिसण्याचं प्रमाण आधीच्या वर्षांत ६ टक्क्यांच्या आत असायचं, ते २०२० मध्ये २१.५ टक्के निघालं. कुणाच्या मुलांचा नंबर थांबलाय का? काय केलंत?

ओसरी
आमच्या डॉक्टरांनी रोज दोन तास बाहेर उजेडात खेळायला पाठवा सांगितलं. नंबर रोखायच्या ड्रॉप्सबद्दल त्यांनाच विचार गं, इथे कुणाचं ऐकू नकोस.

कापूसकोंडी
हो तेच. बाहेर पाठवते तर तिथेही मैत्रिणींबरोबर फोन बघते 🤦‍♀️

दुपारचा चहा
एक तक्रार. साथ गेली, पण वर्गाचा ग्रुप गेला नाही. रात्री साडेदहाला "उद्या जुन्या वस्तूंपासून घर करून आणणे." पूर्वी वहीत लिहून यायचं, मुलं विसरायची, छडी खायची, पण रात्री पुठ्ठा तरी शोधावा लागायचा नाही. मिश्र शिक्षण (थोडं वर्गात, थोडं ऑनलाइन) म्हणजे काय ते मला एवढंच समजलंय, मुलाची शाळा दिवसा आणि माझी रात्री.

खडूफळा
चहाताई, आम्हालाही वरून रात्री साडेनऊला येतं, मग आम्ही खाली सोडतो. आणि त्याच ग्रुपवर पालक पहाटे "बाळाला सर्दी आहे" टाकतात, ते कोण बघतं? आम्हीच.

पण सगळंच वाईट राहिलं असं नाही म्हणवत. आजारी मुलाला तास जोडून देता येतो. पालकसभेला पूर्वी येऊ न शकणारे वडील आता कामावरून पाच मिनिटं फोनवर तरी येतात. मी अजून कठीण गणितांच्या आवाजी नोट करते, मुलं घरी ऐकून येतात आणि वर्गात सोडवायला वेळ मिळतो. फक्त आधी विचारते, फोन कुणाच्या हातात असतो आणि किती वाजता. हा प्रश्न नव्या धोरणांच्या कागदांत मला अजून कुठे दिसलेला नाही.

वीतभर
परीक्षांचं कुणी बोलणार नाही वाटतं. ठीक आहे, मीही नाही बोलत 🤐

ओसरी
बोल की. आता कोण मार्क कापणारे.

वीतभर
नको, आई इथे वाचते.

खडूफळा
@मधला, तुझं सातवीतलं नक्की काय राहिलंय ते मघापासून डोक्यात आहे. बैजिक राशी का?

मधला
हो मॅडम. आणि समीकरणं. म्हणजे क्ष आला की मी गेलो.

खडूफळा
व्यनि (खासगी निरोप) करते, नंबर दे. रविवारी संध्याकाळी मोकळी असते. वही-पेन घेऊन बस, मामाला आधी सांगून ठेव.

कापूसकोंडी
मॅडम, माझं अपूर्णांकांचं राहिलंय. १९९१ पासून. रांगेत घ्या.