नुसतं 'कृपया' पुरत नाही

'ऑनलाइन फॉर्ममध्ये चूक झाली की दिसणाऱ्या मेसेजच्या आधी कृपया लावलं की झालं सौजन्य' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. मागच्या महिन्यात आई बँक खात्याचा ऑनलाइन फॉर्म भरत होती. 'अवैध आयएफएससी, कृपया पुन्हा टाका' हे तिला तीनदा दिसलं. चौथ्यांदा तिने मला हाक मारली.

आयएफएससी म्हणजे बँकेची शाखा ओळखायचा कोड, तो 11 अक्षरांचा असतो. पहिली चार बँकेची, शेवटची सहा शाखेची आणि मधलं पाचवं कायम शून्य. आईने तिथे इंग्रजी 'ओ' टाइप केला होता. पासबुकावरच्या बारीक छपाईत दोन्ही सारखेच दिसतात, तिची काय चूक? 'पाचव्या जागी शून्य हवं, तिथे ओ आला आहे' एवढं लिहिलं असतं तर तिचं तिनेच दुरुस्त केलं असतं. खरं तर ती जागा ठरलेलीच आहे, तर प्रोग्रॅमनेच 'ओ'चं शून्य करून घ्यावं, मेसेजची गरजच नाही.

आणि तो 'अवैध' शब्द काढाच. अवैध दारू, अवैध बांधकाम ऐकत आलेल्या माणसाला वाटतं, आपण गुन्हाच केला. आई तर घाबरून फॉर्म बंदच करायला निघाली होती.