बत्तिसाव्या आठवड्यात गंभीर दोष कळला, तर तपासण्या कुठे थांबवायच्या?

सुपारीफूल
विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी छान आणि बत्तिसाव्याला गंभीर दोष. घरचे आधी हेच विचारतात, "तेव्हा कसं दिसलं नाही?" पुष्कळदा तेव्हा दिसण्यासारखं काही नसतंच. मेंदूच्या वळ्या शेवटच्या तिमाहीत नीट उमटतात. ड्युओडेनल अट्रेशियात, म्हणजे जठरापुढचं आतडं बंद असेल तर, दिसणारे दोन काळे बुडबुडे बहुधा २४ आठवड्यांनंतरचे. अकॉन्ड्रोप्लेझियात मांडीचं हाड मागे पडतं तेही साधारण त्याच सुमारास. (गर्भपाताचा प्रश्न इथे नको. त्याचा कायदा देशोदेशी वेगळा आहे.)

निदानानंतर एमआरआय, गर्भजलाची तपासणी, मायक्रोअ‍ॅरे (गुणसूत्रांतले कमी-जास्त झालेले बारीक तुकडे शोधणारी चाचणी), एक्सोम (जनुकांचं अक्षर-अक्षर वाचन) अशी रांग लागते. माझ्या मते त्यातलं बरंचसं टाळावं. प्रत्येक तपासणीआधी डॉक्टरांना विचारा, "याच्या उत्तरानं बाळंतपणात काय बदलेल?" काहीच बदलणार नसेल, तर जनुकीय तपासणी जन्मानंतर नाळेच्या रक्तातूनही होते. उरलेले सात-आठ आठवडे रिपोर्टकडे डोळे लावून कशाला काढायचे?

खडीसाखर
साफ असहमत. "काहीच बदलणार नाही" असं क्वचितच असतं.

डायफ्रॅमॅटिक हर्निया घ्या. छाती आणि पोटामधल्या पडद्याला भोक, आतडी छातीत, फुफ्फुस दबलेलं, बहुतेक वेळा डाव्या बाजूचं. सोनोग्राफीत फुफ्फुसाचं डोक्याशी गुणोत्तर काढतात. ते त्या आठवड्याच्या अपेक्षित आकड्याच्या २५ टक्क्यांखाली असेल तर प्रकरण तीव्र, आणि यकृतही वर सरकलेलं असेल तर आणखी अवघड. फुफ्फुसाचं आकारमान एमआरआयवर मोजता येतं. हे माहीत नसताना बाळ जन्मलं, नीट श्वास घेईना, की कोणीही मास्क लावून पिशवीनं हवा देणार. ती हवा जठरात आणि आतड्यांत जाते, ती छातीतच फुगतात आणि उरलंसुरलं फुफ्फुसही दाबतात. म्हणून मास्क नाही. थेट श्वासनलिकेत नळी आणि जठरातली हवा ओढून घ्यायला दुसरी नळी. बाळ मोठ्यानं रडावं म्हणून आपण जिवाचे कान करतो, पण इथे प्रत्येक रडण्याबरोबर हवा गिळली जाते.

हृदयाच्या दोन महावाहिन्यांची अदलाबदल असेल तर फीटल एको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, हवाच. जन्मताच प्रोस्टाग्लँडिन हे औषध सुरू करून डक्टस (दोन महावाहिन्यांना जोडणारी, जन्मानंतर मिटणारी नळी) उघडी ठेवावी लागते. कधी फुगा घालून कप्प्यांमधलं भोक मोठं करतात, तेही पहिल्या काही तासांतच. हे सगळं करणारी माणसं त्याच इमारतीत हवीत. तान्ह्याला व्हेंटिलेटरवर घेऊन गाव बदलण्यापेक्षा पोटातून नेणं केव्हाही सुरक्षित.

सुपारीफूल
एको आणि हर्नियातला एमआरआय मान्य. जागा ठरवणारी तपासणी करायचीच. माझा रोख एक्सोमवर आहे. त्यात "अर्थ अनिश्चित" असा बदल सापडला की आजार आहे म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही, आणि आई-वडिलांचंही रक्त मागवतात. शेवटच्या तिमाहीत गर्भजलातल्या पेशींचं कल्चर (पेशी प्रयोगशाळेत वाढवणं) फसण्याचं प्रमाणही जास्त असतं. शिवाय सुई म्हटली की पाणी गळण्याची किंवा कळा सुरू होण्याची थोडी का होईना जोखीम आलीच.

दुर्वांकुर
दोघंही बाळाबद्दल बोलताय. आईच्या पोटावरच्या टाक्यांचं काय?

ट्रायसोमी १८ मध्ये, म्हणजे अठराव्या गुणसूत्राची एक प्रत जास्तीची असेल तर, कळा सुरू झाल्या की बाळाचे ठोके वारंवार घसरतात. निदान नसेल तर तातडीचं सिझर ठरलेलं. यातली साधारण ५ ते १० टक्के बाळंच वर्ष ओलांडतात, आईच्या गर्भाशयावर मात्र कायमचा व्रण राहतो आणि पुढच्या खेपेला वार त्याच व्रणात रुतण्याची भीती. निदान हातात असेल तर ठोक्यांचं सतत मॉनिटरिंग नको असं आधीच ठरवता येतं. त्यासाठी एक्सोम लागत नाही. १३, १८ आणि २१ या गुणसूत्रांसाठीची झटपट पीसीआर चाचणी कल्चरशिवाय होते, दोन-तीन दिवसांत उत्तर येतं. जिवंत बाळ हातात यावं म्हणून काही आया जाणूनबुजून सिझर मागतात. तोही निर्णयच, पण तो कळांच्या गोंधळात घ्यायला लागू नये.

काजळमाया
दुर्वांकुर, मुद्दा पटला, पण "जगत नाही" असं धरून चालणं धोक्याचं. काही केंद्रांत ट्रायसोमी १८ च्या निवडक बाळांवर हृदयशस्त्रक्रिया होते. उपचारच केले नाहीत तर आकडे वाईटच येणार. आई-वडिलांना "काही करायचं नाही" आणि "सगळं करायचं" एवढेच दोन पर्याय देतात. ऑक्सिजन द्यायचा पण नळी नाही, एवढंच करून बघायचं, ही मधली वाटही असते.

दुर्वांकुर
मधली वाट मान्य. पण ती निवडायला तरी निदान हवंच ना?

खडीसाखर
एक राहिलंच. "दोष आहे ना, मग लवकर बाहेर काढा, उपचार सुरू करा" हा घरच्यांचा धोशा. हृदयदोषात बाळ तब्येतीत असेल तर ३९ आठवड्यांपर्यंत थांबणं सहसा चांगलं. ३७ ला काढलेल्यांचे निकाल मागे पडतात. ड्युओडेनल अट्रेशियात प्रश्न वेगळा. गिळलेलं पाणी पुढे सरकत नाही, गर्भजल वाढतं, पोट ताणतं आणि कळा लवकर येतात. त्यामुळे ३४ आठवड्यांपासून शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयाच्या जवळ मुक्काम ठेवा. यातल्या साधारण ३० टक्के बाळांना डाऊन सिंड्रोम असतो. शस्त्रक्रिया मात्र दोन्ही गटांत होते आणि बहुतेक बाळं त्यातून नीट बाहेर पडतात.

मोगरी
मेंदूतल्या पाण्याबद्दल थोडं. कप्प्याची रुंदी १० मिमीपर्यंत ठीक, १० ते १२ सौम्य, १५ च्या वर तीव्र. सौम्य असेल आणि दुसरं काही नसेल तर बहुतांश मुलांची वाढ नेहमीसारखी होते. तरी सीएमव्ही या विषाणूची रक्ततपासणी आणि एक एमआरआय हवाच. त्यात किरणं नसतात, शिरेतून रंगद्रव्य देत नाहीत. कुशीवर पडून अर्धा-पाऊण तास आणि कानात बोळे घालूनही ठकठक.

सुपारीफूल
बरं, माझा प्रश्न जरा सुधारतो: "याच्या उत्तरानं बाळंतपणात किंवा पुढच्या खेपेत काय बदलेल?" एक्सोमबद्दल मत तेच.

आंबटगोड
चर्चा तपासण्यांचीच चाललीय. दोन पानी कागदावर कोणी बोललं नाही. कळांमध्ये आणि पहिल्या तासात काय करायचं, काय नाही, ते लिहा आणि फायलीच्या सर्वांत वर लावा. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं. बाळ कोणाच्या हातात द्यायचं, त्वचेला त्वचा लावून ठेवायचं का, पावलांचे ठसे घ्यायचे का. त्रास झाला तर गालाच्या आत किंवा नाकात द्यायचं वेदनाशामक मात्रेसह आधीच लिहून घ्या. ऐन वेळी वजनावरून हिशेब करत बसतात. डॉक्टरांशी बोलणं त्यांना विचारून फोनवर रेकॉर्ड करा. धक्क्यात पहिल्या दोन वाक्यांपुढचं डोक्यात शिरत नाही. नातेवाइकांना बातमी सांगायला एकच माणूस नेमा.

आणि दूध. बाळ गेलं तरी दुसऱ्या ते चौथ्या दिवशी पान्हा येतोच, आणि हे आधी कोणी सांगत नाही. थांबवायचं असेल तर पहिल्या दिवशी कॅबरगोलीन १ मिलिग्रॅम एकदाच देतात, पण डॉक्टरांकडूनच घ्यायचं.

मोगरी
त्यात भर. गरोदरपणात रक्तदाब वाढला असेल तर ते औषध चालत नाही. तेव्हा आधार देणारी घट्ट ब्रा, थंड पट्ट्या आणि ताण हलका होण्यापुरतंच पिळणं. पूर्ण रिकामं केलं की आणखी भरतं.