मदत हवी आहे: प्लायच्या कयाकचा आराखडा माझ्या वजनाप्रमाणे कसा बदलू?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीत भाट्याच्या खाडीत वल्हवण्यासाठी घरीच कयाक बांधायला घेतोय. पद्धत स्टिच अँड ग्लू. ४ मिमी मरीन प्लायच्या (आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायचं भारतीय मानक) लांब पट्ट्या कापायच्या, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायच्या, इपॉक्सीत (दोन भाग मिसळले की कडक होणारं राळेसारखं चिकट द्रव्य) लाकडाची पूड कालवून आतले सांधे भरायचे आणि वरून फायबरग्लासचं कापड चढवायचं. प्लाय घरात येऊन पडलाय, करवत अजून लावलेली नाही.

आराखडा ५ मीटर लांब, ५६ सेंमी रुंद आणि ७५ किलोच्या माणसासाठी आहे. माझं वजन ९५. त्यात पाणी, डबा, कधीतरी तंबू. पाण्याच्या रेषेवर होडीचं क्षेत्रफळ साधारण १.६ चौरस मीटर धरलं, तर दर १६ किलोला ती १ सेंमी खाली बसेल. म्हणजे ३० किलो जादा घेतले की जवळजवळ २ सेंमी. ते एक वेळ चालेल, पण माझी पावलं मोठी आहेत आणि पुढच्या डेकखाली (होडीच्या वरच्या झाकणाखाली) ती उभी राहत नाहीत. तासभर पाय वाकडे ठेवून वल्हवणं मला जमणार नाही.

लांबी वाढवू, रुंदी वाढवू की नुसता डेक उचलू? डेक उचलायची मला धास्ती वाटते. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून जोराचा वारा सुटतो, आणि उंच होडी त्यात भरकटते. ज्यांनी असे बदल स्वतः केलेत त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:
लांबी ५ टक्के ताणली तर घनफळही ५ टक्केच वाढतं. रुंदी ५ टक्के वाढवली तरी घनफळात तेवढीच भर पडते, पण आकारामुळे मिळणारा तोल रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे सुमारे १६ टक्के. जड माणसाला त्याचा फायदा जास्त. मात्र नुसत्या पट्ट्या रुंद कापू नका. शिवताना सांध्यांचे कोन बदलतात आणि तळाचा बाकही बदलतो. आधी जाड पुठ्ठ्याची एक मीटरची प्रतिकृती चिकटपट्टीने जोडून बघा. पट्टी कुठे फुगते, कुठे ओढली जाते, ते लगेच कळतं.

डेक फक्त कॉकपिटच्या (बसायच्या खाचेच्या) पुढे, पावलांपर्यंत उचला. दोन-तीन सेंमी पुरतील. मागचा आहे तसा खालीच राहू द्या, उलटल्यावर परत चढताना तोच उपयोगी पडतो. आणि पुढे-मागे दोन्हीकडे हवाबंद कप्पे हवेतच. वजन वाढतंय म्हणून तर नक्कीच.

धागाकर्ता:
मनापासून धन्यवाद. रुंदी ५९ सेंमी धरून या रविवारी पुठ्ठा कापतो. मागच्या डेकचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणखी एक विचारतो. काम पावसाळ्यात खेचलं जाणार असं दिसतंय. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा हात द्यायचा हे माहीत आहे. पण जुलैमध्ये कोकणात कुणी इपॉक्सीचं काम खरंच केलंय का? की कापडाचा थर ऑक्टोबरपर्यंत थांबवू?