मदत हवी आहे : मांजरांच्या स्वयंचलित लिटर बॉक्ससाठी पिशव्या कोणत्या घ्याव्यात?

नमस्कार.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला अकराव्या मजल्यावर राहतो आणि घरात दोन मांजरे आहेत. चार महिन्यांपूर्वी आम्ही गोल पिंप फिरवून सफाई करणारा स्वयंचलित लिटर बॉक्स, म्हणजे मांजरांच्या शी-शूचा डबा, घेतला. यंत्राबद्दल तक्रार नाही. मांजर बाहेर पडल्यावर ते काही मिनिटे थांबते, मग पिंप सावकाश फिरते, चाळणीतून चांगले लिटर (डब्यात पसरलेली शोषक माती) मागे राहते आणि शी-शूची ढेकळे खालच्या ड्रॉवरमध्ये पडतात. अडचण आहे ती त्या ड्रॉवरमध्ये लावायच्या पिशवीची. यंत्रासोबत आलेल्या पिशव्या दुसऱ्याच महिन्यात संपल्या, आणि तशाच पिशव्या मागवायच्या तर त्या बाहेरून येणार असल्याने कधी मिळतात, कधी आठवडेच्या आठवडे मिळत नाहीत.

बाजारातल्या कचऱ्याच्या पिशव्या वापरून पाहिल्या, पण एकही माप नीट बसत नाही. ड्रॉवरचे तोंड १३ × ११ इंच आहे आणि खोली ८ इंच. दुकानात सर्रास मिळणारी मध्यम पिशवी १९ × २१ इंचांची असते. ती पूर्ण उघडली तरी तिचा घेर ३८ इंच होतो आणि माझ्या ड्रॉवरच्या काठाचा घेर ४८ इंच आहे, म्हणजे ती काठावर चढतच नाही. मोठी पिशवी २४ × ३२ इंचांची. तिचा घेर बरोबर ४८ इंच असल्याने ती काठावर ताणून बसवावी लागते, आणि उंचीला मात्र इतकी जास्त होते की तळाशी तिचा बोळा होतो. हा बोळा हेच माझ्या मते सगळ्या त्रासाचे मूळ आहे. ड्रॉवर भरला की नाही हे ओळखणारा इन्फ्रारेड सेन्सर वरच्या बाजूला आहे. पिशवीखाली हवा अडकून ती फुगली किंवा एखादी चुणी त्याच्यासमोर आली, की रिकामा ड्रॉवरही ‘भरला’ असे समजून यंत्र फिरायचेच थांबते. मागच्या महिन्यात आम्ही एक दिवस गावी गेलो होतो, तेव्हा नेमके असेच झाले आणि परत आल्यावर दार उघडताच अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरले.

दुसरा प्रश्न मजबुतीचा आहे. आम्ही बेंटोनाइटचे लिटर वापरतो. ती मातीच असल्याने ढेकळे जड होतात. पाच दिवसांची पिशवी घरच्या काट्यावर पावणेतीन किलो भरली. पूर्वीच्या मांजराच्या वेळी किराण्याच्या पिशव्या कामी येत, पण २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर त्या घरात येणे थांबले. आता वापरतो त्या पातळ काळ्या पिशवीचा तळ गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये सुटला. सातव्या मजल्यावरच्या काकू आत शिरत असताना सगळा ऐवज त्यांच्या चपलांपुढे सांडला. त्या काही बोलल्या नाहीत, परंतु दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली.

कंपोस्टेबल पिशव्याही आणून पाहिल्या. हेतू चांगला होता, पण पावसाळ्यात ओल्या ढेकळांच्या स्पर्शाने चौथ्या दिवशी तळ चिकट आणि मऊ झाला. तेव्हा अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे की अशा रुंद पण बुटक्या ड्रॉवरसाठी कोणते माप मागावे, जाडी किती असावी, आणि सेन्सर फसणार नाही अशी पिशवी बसवायची रीत कोणती.

प्रतिसाद, नेरुळहून

आमच्याकडेही असेच यंत्र आहे. नवी पिशवी लावताना ती आधी झटकून उघडा, मग मूठ आत घालून चारही कोपऱ्यांत दाबत न्या आणि अडकलेली हवा काठाकडून बाहेर काढा. तरीही फुगत असेल तर काठाखाली बोटभर अंतरावर सुईने दोन भोके पाडा. ती वरच असल्याने गळत काही नाही आणि हवेला वाट मिळते. पिशवी बदलल्यावर सेन्सरची काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा, कारण बेंटोनाइटची धूळ तिच्यावर बसली तरी यंत्र तोच खोटा इशारा देते.

कंपोस्टेबल पिशवीविषयी एक सांगते. ती घरच्या खताच्या डब्यात टाकायच्या विचाराने आणली असेल तर तो विचार सोडून द्यावा. मांजराच्या विष्ठेत टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचे बीजकोश असू शकतात आणि ते बाहेर पडल्यावर साधारण एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम होतात. घरात कुणी गरोदर असेल तर पाच दिवस वाट न पाहता पिशवी रोज बदलावी, आणि ती दुसऱ्या कुणी बदलावी.

प्रतिसाद, वागळे इस्टेटहून

मी पॅकिंगच्या व्यवसायात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुम्ही तयार रोलच्या मापात अडकला आहात. पिशवीची रुंदी काठाच्या घेराच्या निम्म्याहून दोन-तीन इंच जास्त हवी, म्हणजे तुमच्यासाठी २७ इंच. उंचीसाठी खोलीचे ८ इंच, तळाच्या आखूड बाजूचे निम्मे म्हणजे साडेपाच, आणि काठावरून दुमडायला व गाठ मारायला सहा-साडेसहा इंच धरा, की २० इंच होतात. कचऱ्याच्या पिशव्यांच्या रोलमध्ये हे माप शोधत बसू नका. जांभळी नाक्याच्या बाजारात प्लॅस्टिकच्या घाऊक दुकानात ‘२७ बाय २०, एलडी, २०० गेज’ असे सांगा. एलडी म्हणजे मऊ, ताणले जाणारे पॉलिथिन आणि गेज म्हणजे जाडीचे माप. शंभर गेज म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन, त्यामुळे ही पिशवी ५० मायक्रॉनची होईल आणि किलोत साधारण तीस बसतील. पाच दिवसांना एक या हिशेबाने किलोभर माल तुम्हाला पाच महिने पुरेल.

एचएमची, म्हणजे कडक पॉलिथिनची, पिशवी घेऊ नका. ती कुरकुर वाजते, पातळ असूनही वजन पेलते, पण एकदा भोक पडले की सरळ रेषेत फाटत जाते. लिफ्टमध्ये बहुधा तेच झाले असावे. एलडी ताणली जाते, चटकन फाटत नाही आणि मऊ असल्याने ड्रॉवरच्या भिंतीला बिलगून राहते. तळाचा सील आडवा असेल तर दोन्ही टोके ओढून पाहा. पिशवी गळते ती नेहमी तिथूनच.

मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी जांभळी नाक्याला जाऊन आलो. दुकानदाराने ‘कसलं पॅकिंग करता?’ असे विचारले, आणि खरे उत्तर ऐकल्यावर त्याने मोठ्या आदराने एक पिशवी फुंकून फुगवली, तिचे तोंड पिळून धरले आणि काउंटरवर दाबून सील तपासून दाखवला. २७ × २० तयार नव्हती, २८ × २० मिळाली. एक इंच जास्त असल्याने ती काठावर थोडी सैल राहते, म्हणून मी बाहेरच्या बाजूला एक रुंद रबर चढवले आहे. नेरुळच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन भोकेही पाडली. आज सहावा दिवस आहे. अजून खोटा इशारा आलेला नाही, आणि काल पहिली भरलेली पिशवी दोन्ही हातांनी तळाला आधार देऊन खाली नेली, तीही जिन्याने.

तीसच्या आसपास पिशव्या घरात आहेत. कासारवडवली किंवा मानपाडा परिसरात कुणाचा ड्रॉवर याच मापाचा असेल आणि नमुन्यादाखल दोन-चार हव्या असतील, तर इथेच कळवावे.